या वाटेवरून कुणीतरी येणार आहे!

यंदाच्या जानेवारीत मी पहिल्यांदा एका डोंगरी शर्यतीच्या आयोजनाला हात लावला आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलेय! पवना खोऱ्यात, तुंग आणि तिकोना हे किल्ले एका नजरेत दिसतात अशा टापूत, माउंटन बाइकवाल्यांची आणि पळणाऱ्यांची एकाच सकाळी शर्यत. उरलेला सगळा पैसा लांबच्या वाड्यावस्त्यांवरून शाळेत चालत येणाऱ्या मुलींच्या सायकलींसाठी. मी डोंगरात वर्षानुवर्षं भटकतेय, रस्त्यावरच्या शर्यतीही पळालेय. पण शर्यत भरवण्यात एवढी गंमत आहे हे आजवर मला कुणी सांगितलं कसं नाही?

सुरुवात झाली रेकीपासून. मोबाइलवर जीपीएक्स फाइल होती, उपग्रहाचा नकाशा होता, मार्गाची रेघही छान दिसत होती. पण डोंगरात शिरल्यावर आमच्या गटातला जाणता दादा म्हणाला, “स्वतःसाठी चालू नकोस. पहिल्यांदाच इथे येणारा, दमलेला, डोळ्यांत घाम गेलेला माणूस या वळणावर काय करेल, ते बघ.” बस्! त्या एका वाक्यानं माझा सह्याद्री बदलला. इतकी वर्षं ज्या सोंडेवरून मी तंद्रीत चढत होते, तिच्यावर दर वीस पावलांना एक प्रश्न उभा राहायला लागला. इथे मुरमावरून पाय सरकेल का? या घसाऱ्यावर सायकलचं मागचं चाक आडवं जाईल का? ही कारवी चालणाऱ्याच्या खांद्याला लागते, मग हँडलला अडकेल का? कातळावर वाट दिसेनाशी होते, तिथे नजर आपोआप कुठे वळते?

आणि ढोरवाटा! त्या एवढ्या चतुर असतात याची मला कल्पनाच नव्हती. माणसाच्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या, रुंद, खुणावणाऱ्या. एका फाट्यावर आम्ही दोन वाटांकडे बघत उभे असताना गुरं घेऊन एक म्हातारे मामा आले. मी विचारलं, “मामा, ही वाट खाली गावात उतरते का?” काठी टेकून ते हसले. “ही व्हय? ही गुरांची. पान्यापत्तूर जाती अन् संपती. मानसांची ती पल्याड, आंब्याच्या अंगानं.” मग कड्याकडे काठी करून म्हणाले, “अन् ताई, त्या कड्याखालनं पोरं न्हेऊ नका. आग्या मव्हाळ हाय. आरडत गेली की उठतंय.”

आम्ही मान वर करून पाहिलं. कड्याच्या पोटाला काळपट पोळी लोंबत होती. त्या क्षणी मार्ग बदलला! कड्याखालचा तो सुंदर आडवा टप्पा गेला, त्याऐवजी पठाराच्या कडेनं जाणारी लांबची वाट आली. सूचनापत्रकात ओळी वाढल्या: ड्रोन नको, स्पीकर नको, फटाके नकोत, उग्र अत्तरं नकोत. नकाशात, उपग्रहाच्या चित्रात यातलं काही दिसत नाही हो! मामांच्या काठीच्या टोकाशी जे ज्ञान होतं, त्यावर आमची अख्खी शर्यत उभी राहिली.

त्यानंतर देवळातली बैठक. ग्रामपंचायतीचं पत्र, वनखात्याची परवानगी, पोलीस ठाण्याला आणि जवळच्या रुग्णालयाला आगाऊ कल्पना हे सगळं लागतंच. पण खरा निकाल लागतो तो देवळातल्या सतरंजीवर. जानेवारीत भातकापणी होऊन गेलेली असते, खाचरं मोकळी दिसतात. शहरातला माणूस म्हणेल, रिकामं शेत आहे, घाला चाकं! पण जवळ जाऊन वाकून पाहिलं की दिसतं, जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल आणि हरभरा वर आलेला असतो. शेतकऱ्यांची अट साधी होती: बांध सोडायचा नाही. आम्ही ती नियम म्हणून छापली, खाचरात उतरला तो बाद. बैठकीत तेवढं कबूल केल्यावर त्याच माणसांनी आपणहून सांगितलं की ओढ्याजवळ आमची पोरं उभी राहतील, ट्रॅक्टर तयार ठेवू, कुणी पडलाच तर रस्त्यापर्यंत आणू.

पळणारे आणि सायकलवाले एका डोंगरात कसे सोडायचे, हे कोडं तर मला भलतंच आवडलं! खड्या चढावर दोघांचा वेग जवळपास सारखा, कित्येकदा पळणाराच पुढे. उतारावर मात्र सायकल बाणासारखी सुटते आणि अरुंद पायवाटेवर बाजूला व्हायला जागा नसते. म्हणून सायकलींचा प्रारंभ आधी, पळणाऱ्यांचा नंतर. दोघांची दिशा एकच, समोरासमोर कधीही नाही. सोंडेवरची पायवाट पळणाऱ्यांची, पदरातून वळसा घालणारी बैलगाडीची वाट सायकलींची. जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे शिट्टी आणि झेंडा घेतलेला स्वयंसेवक. शिवाय जगभरच्या डोंगरवाटांवर पाळला जाणारा नियम: पायी असलेल्याला सायकलवाल्यानं वाट द्यायची.

घरी येऊन मी वाचत सुटले, कारण असं आधी कुणी कुणी केलंय हे कळल्याशिवाय झोप येईना. 1976 साली कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइसच्या परिसरात काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली कच्च्या रस्त्यावरून खाली सोडण्याची शर्यत सुरू केली, तिचं नाव ‘रिपॅक’. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते प्रत्येक वेळी नव्यानं भरावं लागायचं, म्हणून हे नाव! गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी तिथलीच. त्या धुरळ्यातून माउंटन बाइक हा प्रकार रुजला आणि 1996 मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोचला.

कोलोरॅडोतलं लेडव्हिल तर माझ्या मनातून जातच नाही. तीन हजार मीटरपेक्षा उंचावरचं खाणकामगारांचं गाव. 1982 मध्ये तिथली क्लायमॅक्स ही मोठी खाण बंद पडली आणि गावावर बेकारी कोसळली. खाणीतच काम केलेल्या केन क्लोबर यांनी 1983 मध्ये तिथे शंभर मैलांची डोंगरी धाव सुरू केली, का, तर लोक येतील, रात्री मुक्काम करतील, गावात चार पैसे येतील. 1994 पासून तिथे माउंटन बाइकचीही शंभर मैलांची शर्यत होते. पुढे याच शर्यतींमधून उभ्या राहिलेल्या निधीतून गावच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. आणि हाँगकाँगचा ट्रेलवॉकर! 1981 मध्ये तिथल्या ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा सैनिकांनी मॅकलिहोज ट्रेलवर शंभर किलोमीटरचा उपक्रम सुरू केला, सरावाचा सराव आणि मदतनिधीचा निधी. 1986 पासून ऑक्सफॅमच्या साथीनं तो सामान्य लोकांसाठी खुला झाला. चौघांचा संघ, आणि चौघांनी मिळून पूर्ण करायचं! डोंगरातले घामाचे थेंब दूरच्या कुणाच्या उपयोगी पडू शकतात, हे त्या सैनिकांनी केव्हाच करून दाखवलं होतं.

आमच्या सायकलींचा मुद्दाही असाच वाचनातून पक्का झाला. बिहार सरकारनं 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. त्यातही शाळा लांब असलेल्या गावांमध्ये फरक जास्त. एक सायकल, आणि शाळेचं अंतर आटोक्यात येतं! म्हणून आम्ही सायकलही डोळ्यांत तेल घालून निवडली. गिअर नकोत, दिखाऊपणा नको. पूर्ण चेनकव्हर हवं म्हणजे ओढणी अडकत नाही, मागे दप्तराला कॅरिअर, भक्कम स्टँड, आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळणारे. शर्यतीच्या आदल्या दिवशी आमच्या बाइकवाल्यांनी शाळेच्या पटांगणात मुलींना पंक्चर काढायला शिकवलं. टायर सोडवायचा, ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधायचे, कानस घासायची, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत दम धरायचा. एका मुलीनं पॅच दाबून धरला, हवा भरली, ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. एकही बुडबुडा नाही! तिनं जी आरोळी ठोकली, ती तिकोन्यापर्यंत गेली असेल.

मार्ग आखण्याचा दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. प्लॅस्टिक न्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून कापडी फिती आणि चुन्याची फक्की. खरी कला आहे वळणावर! वळणाच्या आधी एक फीत, म्हणजे धावणारा सावध होतो. वळणावर चुन्याचा बाण. चुकीच्या वाटेवर आडवी फुली. आणि वळण घेतल्यावर थोड्या अंतरावर आणखी एक फीत, खास धीर देण्यासाठी. ती दिसली की छातीतली धडधड उतरते, आपण बरोबर आहोत! फिती बांधायच्या त्याही धावणाऱ्याच्या नजरेच्या उंचीला, आणि सायकलच्या वाटेवर बऱ्याच आधी, कारण चाकाला थांबायला अंतर लागतं. मी प्रत्येक गाठ मारताना मनात म्हणत होते, इथून कुणीतरी येणार आहे, त्याला ही दिसली पाहिजे.

खाण्यापिण्याच्या टप्प्यांवरही किती विचार असतो! नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस भोवंडतो, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. म्हणून मीठ लावलेले उकडलेले बटाटे, लिंबू सरबत, कोकम, केळी, गूळ-शेंगदाणे, आणि बाजूला ओआरएसची पाकिटं. कागदी पेले बंद, ज्यानं त्यानं आपला पेला आणायचा. वाळलेल्या गवताला ठिणगी लागली की वणवा पेटतो, त्यामुळे पूर्ण मार्गावर विडी-सिगारेटला सक्त मनाई.

शर्यतीच्या सकाळी माझी नेमणूक मामांच्या त्या फाट्यावर होती. अंधार, बोचरी थंडी, पवनेच्या धरणावर धुकं. मग लांबून फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली आणि पहिली सायकल वळणावर आली. तिनं आधीची फीत पाहिली, वेग कमी केला, बाण पाहिला, आंब्याच्या अंगानं वळली आणि पुढच्या फितीशी पुन्हा सुटली. अगदी जसं आखलं होतं तसं! मी एकटी नाचले तिथे! मग पळणारे आले. कुणी धापा टाकत, कुणी गाणं म्हणत, कुणी “अजून किती?” विचारत. हातातल्या यादीवर मी प्रत्येकाचा क्रमांक टिपत होते, कारण डोंगरात जितके गेले तितके परत आलेच पाहिजेत, हा या खेळाचा पहिला हिशेब. सगळ्यात शेवटी आले झाडूवाले, म्हणजे शेवटच्या स्पर्धकाच्या मागून चालणारे दोन स्वयंसेवक. ते फिती सोडवत, कचरा वेचत येत होते. त्यांच्यामागे वाट होती तशी उरत होती.

अंतिम रेषेपाशी बचतगटाच्या ताई चुलीवर भाकरी थापत होत्या. पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा वाफाळता भात. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला एकाच पंगतीत. बाजूच्या फळ्यावर जमाखर्च लिहिलेला: प्रवेशशुल्क किती, देणग्या किती, रुग्णवाहिका, जेवण, परवाने यांवर खर्च किती, सायकलींना किती. ज्यानं घाम गाळला त्याला रुपयाचा रस्ताही दिसलाच पाहिजे. मला तर तो फळा पदकांच्या टेबलापेक्षा देखणा वाटला!

आता मी कुठल्याही वाटेवर गेले की मला त्यावरून येणारी माणसं दिसतात. धावणारी, चाकावरची, गुरांमागची, दप्तर लावलेली. दुसऱ्याच्या पायांनी आणि दुसऱ्याच्या चाकांनी डोंगर बघायचा हा नाद जबरदस्त आहे, आणि तो लागायला तुम्हाला वेगानं पळता येण्याची काहीएक गरज नाही. तुमच्या जवळपासच्या डोंगरात येत्या हिवाळ्यात अशी शर्यत असेल, तर आयोजकांना आजच फोन करा आणि विचारा, फाट्यावर उभं राहायला माणूस हवाय का? हवाच असतो! आणि अशी शर्यत होत नसेल, तर आधी गुरं राखणारे मामा शोधा, मग देवळात बैठक लावा. फिती बांधायला मी येते.