सात घरं

पहिला फोटो तुळशीच्या कुंडीचा होता. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सकाळी ६:५० ला, दोन 'शुभ प्रभात'वाल्या फुलांच्या मधोमध. उकरलेली माती आणि त्यावर अर्धवट झाकलेली मांजराची शी. खाली एकच ओळ: "ज्यांची मांजरं आहेत त्यांनी कृपया लक्ष घालावं."

नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. पण १६ फ्लॅट्सच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रोज रात्री साडेनऊला खाली जाऊन स्टीलचा वाडगा वाजवणारी मी एकटीच होते. तोपर्यंत मला वाटायचं की ही मांजरं कुणाचीच नाहीत. त्या दिवशी ती माझी झाली.

मी पुण्यात कर्वेनगरला भाड्याने राहते. पहिला मजला, वन बीएचके, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट. २०२२ च्या पावसाळ्यात इथे आले तेव्हा वर्क फ्रॉम होम चालू होतं आणि दिवसभरात माझ्याशी प्रत्यक्ष बोलणारं माणूस म्हणजे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी. अशात एक कबरी मांजर पत्र्याच्या शेडवरून माझ्या गॅलरीत यायला लागली. पांढरा, काळा, नारिंगी असे तीन रंग. मी तिला दूध दिलं. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण नारिंगी की काळा हे एक्स गुणसूत्रावर ठरतं आणि दोन्ही रंग दिसायचे तर दोन एक्स लागतात. हे मी वाचलं तोवर तिला चार पिल्लं झाली होती.

त्यानंतरचं गणित सोपं आहे आणि भीतीदायक आहे. मांजराचं गरोदरपण साधारण नऊ आठवड्यांचं. पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की स्वतः आई होऊ शकतं. आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच मादी पुन्हा गाभण राहू शकते. आमच्या भाषेत सांगायचं तर हा असा लूप आहे ज्यात थांबायची कंडिशन कुणी लिहिलेलीच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे तो फोटो आला तेव्हा, माझ्याकडे नऊ मांजरांची एक्सेल शीट होती. रंग, लिंग, अंदाजे वय, स्वभाव. शेजाऱ्यांची शीट नव्हती.

फोटोवर मी काय केलं? जे माझ्यासारखी माणसं करतात तेच. पीडीएफ टाकली. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम आले. त्यात आवारातल्या बेवारस प्राण्यांना खायला घालायची व्यवस्था करणं ही सोसायटीची जबाबदारी आहे, असं स्पष्ट लिहिलंय. मी तो परिच्छेद पिवळ्या रंगाने हायलाइट केला आणि वर लिहिलं, "माहितीसाठी."

दोन निळ्या टिका. मग आणखी निळ्या टिका. उत्तर कुणाचंच नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री वाडगा जागेवर नव्हता. वॉचमन काकांनी नजर चुकवत कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. तिसऱ्या दिवशी घरमालकांचा फोन आला. आवाज अगदी गोड. "मॅडम, मला काही नाही हो, पण लोक बोलतात. ॲग्रीमेंट जूनमध्ये संपतंय ना आपलं?" आणि चौथ्या दिवसापासून थोरला पिवळा बोका दिसेना. मी ऐकलेल्या विषाच्या सगळ्या गोष्टी एकदम आठवल्या. रात्री मोबाइलचा टॉर्च घेऊन मी पार्किंगमधल्या गाड्यांखाली वाकून बघत होते आणि मनातल्या मनात खटला चालवत होते. आरोपी ठरलेल्या होत्या: तळमजल्यावरच्या काकू, तुळशीवाल्या. तीन रात्री मी त्यांच्या खिडकीकडे ज्या नजरेने बघितलं ते आज आठवलं तरी अंग चोरावंसं वाटतं. चौथ्या रात्री बोका आला. कान फाटलेला, नाकावर ओरखडा, मारामारी करून आलेला. जेवला आणि निघून गेला.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती बार्शीची. ग्रुपवर भांडणं हा प्रकारच तिला कळत नाही. म्हणाली, "अगं, एका जिन्याचं अंतर आहे आणि तुम्ही टाइप काय करताय? खाली जा. चहा देतील."

चहा दिला नाही. दार उघडलं आणि काकू दारातच उभ्या राहिल्या. मी सॉरी म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात आतून त्यांची मुलगी पाणी प्यायला उठून आली. सातवा महिना असावा. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली.

"डॉक्टरांनी सांगितलंय, मांजराच्या शीपासून लांब राहा," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "हिला काही होऊ नये म्हणून मी रोज हातात पिशव्या घालून त्या कुंड्या साफ करते. माझ्या कमरेचं काय ते मला माहीत. आणि तू मला कायदा पाठवतेस?"

"काकू, मला खरंच माहीत नव्हतं. ग्रुपवर तुम्ही..."

"ग्रुपवर काय लिहू? माझी पोर दोन जिवांची आहे, असं? सोळा घरांना?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर येऊन मी तीच पीडीएफ पुन्हा उघडली. ज्या नियमाचा तुकडा मी पिवळा केला होता, त्याच्यातच पुढे लिहिलंय की खायला घालायची जागा जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी, वेळ लहान मुलं आणि म्हातारी माणसं कमी वावरतात अशी हवी, आणि खायला घालणाऱ्याने तिथे घाण होऊ देऊ नये. एवढा भाग मी हायलाइट केला नव्हता. माझा वाडगा जिन्याच्या पहिल्या पायरीशेजारी असायचा.

आणि दूध. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, त्यातली साखर पचवण्याची ताकद लहानपणानंतर कमी होत जाते. मी वर्षभर रोज अर्धा लिटर दूध ओतत होते, त्यांची पोटं बिघडवत होते, आणि त्या बिघडलेल्या पोटांना मऊ मातीची जागा म्हणून काकूंच्या कुंड्या सापडल्या होत्या. थोडक्यात, त्या फोटोतली शी बऱ्याच अंशी माझीच होती.

डॉक्टरांनी ज्या आजाराबद्दल सांगितलं होतं तो टॉक्सोप्लाझ्मोसिस. मी वाचत बसले. हा परजीवी मांजराच्या शीतून बाहेर पडतो, पण पडल्या पडल्या लागण करत नाही. त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणजे शी रोजच्या रोज उचलली तर धोका पुष्कळ कमी होतो. शिवाय अर्धकच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही तो येतो. हे सगळं छान मुद्देसूद लिहून पाठवायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याऐवजी मी एक खुरपं आणि रबरी हातमोजे आणले.

सकाळी साडेसहाला फेरी. आठ महिन्यांची असताना नोकरीतल्या कुठल्याही ऑन-कॉलने मला जी शिस्त लावली नव्हती, ती या फेरीने लावली. म्हणजे आठ महिने नोकरीला झाले असताना. मी इतकी हुशार नव्हते. काकूंच्या कुंड्यांत मातीवर कोंबडीची जाळी कापून बसवली आणि वर नदीतले गोल गोटे ठेवले, म्हणजे उकरता येत नाही. पंपरूमच्या मागे वॉटरप्रूफिंगच्या कामातली उरलेली वाळू पडून होती. ती चाळून एका कोपऱ्यात पसरली. मांजरांना कोरडी, भुसभुशीत जागा मिळाली की ती कुंडीच्या नादी लागत नाहीत. आमच्या मांजरांना हे कळायला चार दिवस लागले, मला एक वर्ष. खाण्याची जागा मागच्या भिंतीपाशी नेली. साडेनऊ ते दहा, नंतर वाडगे उचलायचे, नाहीतर उंदीर, झुरळं आणि मुंग्या. पाण्याचं भांडं रोज घासायचं, कारण चौथ्या मजल्यावरच्या मॅडमना डेंग्यूच्या डासांची काळजी होती आणि ती रास्त होती. साठलेल्या पाण्यात अळीचा डास व्हायला आठवडाभर पुरतो.

सगळे असे विरघळले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या दादांच्या स्कूटरची सीट मांजरांनी नखं घासून फाडली होती. मी नवीन कव्हर घालून दिलं, पार्किंगच्या खांबाला काथ्याचं जुनं पायपुसणं गुंडाळलं, मांजरं तिथे नखं घासायलाही लागली. दादा आजही मला बघून न बघितल्यासारखं करतात. करू देत. त्यांची सीट होती.

पण खरा फरक पडला तो नसबंदीने. भागात हे काम करणाऱ्या एका ताईंनी मला पिंजरा दिला. मागे खाणं ठेवायचं, मांजराने आतल्या पट्टीवर पाय ठेवला की दार खाली पडतं. आदल्या रात्री जेवण बंद, म्हणजे पोट रिकामं राहतं आणि पिंजऱ्याची भीती थोडी कमी होते. आमिषाला सुकटीइतकं भरवशाचं काही नाही, पण आमच्या बिल्डिंगमध्ये पहाटे पाच वाजता सुकट भाजणं म्हणजे वेगळंच युद्ध. काकू खिडकीतून म्हणाल्या, "बाई, मांजरं परवडली." शेवटी मी एका मैत्रिणीच्या घरी भाजून डब्यात भरून आणायला लागले.

मांजर अडकलं की पिंजऱ्यात थैमान घालतं. वर जुनी चादर टाकली की अंधारात एकदम गप्प होतं. पहिल्यांदा कबरी अडकली तेव्हा मी चादर टाकून तिथेच फरशीवर बसले. माझ्या गॅलरीत दीड वर्ष विश्वासाने येणारी ती, आणि मी तिला खाण्याचं आमिष दाखवून कोंडलं होतं. ऑपरेशन झालं, कानाचं टोक कापलं (झालेलं मांजर लांबून ओळखू यावं म्हणून), दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर पुन्हा त्याच भिंतीपाशी सोडलं. पुढचे १२ दिवस ती माझ्या गॅलरीत आली नाही. तेराव्या दिवशी आली. पण आता ती दारापाशीच बसते, आत येत नाही.

पैशांचं म्हणाल तर पहिली तीन माझ्या पगारातून झाली. चौथ्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात थांबवून हातात पाकीट ठेवलं. आत ५०० रुपये. "सुनेला सांगू नकोस," म्हणाले. मार्चपर्यंत नऊपैकी आठ झाली. माजावर आलेल्या माद्यांचं रात्रीचं रडणं थांबलं, बोक्यांच्या मारामाऱ्या कमी झाल्या, आणि जिन्याखाली बोक्यांच्या मुताचा जो उग्र दर्प यायचा तो काही आठवड्यांत जवळपास गेला. ग्रुपवर कुणी काही म्हटलं नाही. पण कचऱ्याच्या डब्यात वाडगा पुन्हा कधी सापडला नाही.

राहिली ती पांढरी. तिने कबरीला पिंजऱ्यात अडकताना बघितलं होतं. त्यानंतर तिच्यासाठी सुकट, उकडलेलं चिकन, सगळं करून झालं. पिंजऱ्यापासून दोन हातांवर बसून ती माझ्याकडे बघायची. फेब्रुवारीत तिचं पोट दिसायला लागलं.

काकूंच्या मुलीला जानेवारीत मुलगी झाली. मी बघायला गेले ते हात दोनदा धुऊन आणि सकाळच्या फेरीचे कपडे बदलून. त्या वेळी चहा मिळाला. मुलीनेच मला विचारलं, मांजराचं आणि त्या आजाराचं नक्की काय असतं, आणि मग मी सांगितलं. काकू स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. निघताना म्हणाल्या, "मला मांजरं आवडत नाहीत हं. हे लक्षात ठेव."

मार्चच्या शेवटी एका रविवारी सकाळी सहाला त्यांचा फोन आला. ग्रुपवर नाही, मला. "खाली ये."

त्यांच्या मागच्या मोरीत, जुन्या वॉशिंग मशीनच्या मागे, गोणपाटावर तीन पिल्लं. डोळे नुकतेच उघडलेले. पांढरी कंपाउंडच्या भिंतीवर बसून आमच्याकडे बघत होती.

"काल रात्री आणून ठेवलीत एकेक करून," काकू म्हणाल्या. "मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. हे कितवं?"

"बहुतेक तिसरं. आधी पंपरूम, मग आजोबांच्या सायकलची टोपली."

"घरात तान्हं बाळ आहे."

"हो काकू. नेते मी."

"मग चौथं तुझं," असं म्हणून त्या आत गेल्या. मला वाटलं संपलं बोलणं. पण परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा होता. "हे खाली घाल. आणि परत आणू नकोस."

मी पिल्लं खोक्यात घेतली आणि मुद्दाम पांढरीच्या समोरून, हळूहळू चालत जिन्याकडे गेले. ती भिंतीवरून शेडच्या पत्र्यावर आली, तिथून माझ्या गॅलरीच्या कठड्यावर. खोकं मी गॅलरीत ठेवलं आणि काचेचं दार लावून आत बसले. दीड तास ती कठड्यावरच होती. मग उतरली.

माझ्या ॲग्रीमेंटमध्ये घरात पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत असं कलम आहे. ती पाळीव नाही, असा वाद मला घालता येईल. पण त्याआधी शेजारच्या फ्लॅटमधल्या दादांची रात्रपाळी असते, सकाळी ते झोपतात, आणि आमच्या गॅलऱ्यांच्या मध्ये फक्त एक भिंत आहे. पिल्लं ओरडायला लागायच्या आत त्यांना सांगायला हवं. आठ वाजता ते घरी येतात. पावणेआठला मी चहा टाकला, दोन कप.