मनीचं घमेलं

आमच्या हॉस्टेलची मनी आता चौदा वर्षांची. कितीतरी बॅचेस पास आऊट झाल्या, ही मात्र इथेच! जन्मभर वाळूच्या घमेल्यात जाणारी मनी मध्यंतरी कॉरिडॉरमध्येच शू करू लागली. ‘म्हातारी माजलीय, सोडून या कुठेतरी,’ असा सूर निघाला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. माज कसला! मागचे सांधे आखडलेले, काठ ओलांडताना दुखायचं. त्यात किडन्या कमजोर. म्हणून पाणी जास्त, शू जास्त, आणि भिजलेली वाळू मांजराला नको असते. आता एका बाजूने कापलेला पसरट ट्रे ठेवलाय, वाळू पाळीपाळीने रोज बदलतो. कॉरिडॉर कोरडा! किडन्या काही नव्या होणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण मित्रहो, उरलेले दिवस तिने इथेच काढावेत म्हणून चार इंच काठ कापायला आपलं काय जातं?