टक्क्यांतले पूर्वज

आमच्या घरी कुलवृत्तांताची एक जीर्ण प्रत आहे. तो सिद्ध करताना संपादकांनी घरोघर पत्रे धाडून माहिती मागवली होती. ज्यांनी ती दिली नाही, त्यांच्या शाखा तिथेच खुंटल्या. मूळपुरुषाच्या मागेही काहीच नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून अमेरिकेतल्या भाचीने गेल्या भेटीत लाळ साठवायची एक नळी आमच्या हाती ठेवली.

तिचा स्वतःचा अहवाल आधीच आला होता. त्यातले प्रदेशवार टक्के वर्षभराने बदलले, कारण कंपनीने तुलनेचे नमुने वाढवले होते. पूर्वज तेच, आकडे निराळे! यात लबाडी नाही. अशी टक्केवारी म्हणजे मुख्यतः आज हयात असलेल्या माणसांच्या नमुन्यांशी केलेली तुलना. संशोधक आपले उत्तर शक्यतेच्या भाषेत मांडतो. बाजार तेच उत्तर ओळखपत्रासारखे विकतो.

कोकणातल्या बेने इस्रायलांचे उदाहरण घ्या. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. जहाजाविषयी आणि सात जोडप्यांविषयी जनुके मूकच राहिली. कथेची जागा कथेलाच ठेवणारे हे शास्त्र आम्हांला मोलाचे वाटते.

व्यापाराचा हिशेब वेगळा. २०१८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषधकंपनीने ‘ट्वेंटीथ्री अँड मी’मध्ये ३० कोटी डॉलर गुंतवले. संशोधनास संमती देणाऱ्या ग्राहकांची माहिती औषधशोधासाठी वापरायची, असा तो करार होता. औषधशोध हेही शास्त्रच. पण पूर्वजांच्या कुतूहलापोटी पदरमोड करणारा ग्राहक इथे स्वतःच कच्चा माल ठरला. २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि तो जनुकीय साठाही मालमत्ता म्हणून लिलावात आला.

“मामा, तुम्हांला जाणून घ्यायचंच नाही का?” भाचीने विचारले. घ्यायचे आहे. पण जनुके एकट्याची नसतात. मामा-भाचीत सरासरी पाव हिस्सा समान असतो. तिच्या नळीतून थोडे आम्हीही, न विचारता, गेलोच आहोत. आमच्या नळीतून भावंडे जातील, त्यांची नातवंडे जातील. कुलवृत्तांताच्या संपादकांनी निदान प्रत्येक घराला पत्र तरी लिहिले होते.

नळी अजून कोरडी आहे.