गळाचा तरंड

मत्स्याहार ज्या घरांत वर्ज्य, त्या घरांतील वृद्धानें गळावर लिहावें हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु दारव्हा तालुक्यांतून वाहणाऱ्या अडाण नदीच्या कांठीं बसून आम्हीं ही विद्या पुष्कळ न्याहाळली आहे. मोराचें गळून पडलेलें पीस घ्यावें, त्याची दांडी वीतभर कापून दोऱ्यास बांधावी व खालीं गळाजवळ शिशाचा मणी अडकवावा. मणी बेताच्या वजनाचा असला कीं दांडी पाण्यांत उभी राहते. बारीक मासळी आमिष कुरतडूं लागली तर ती नुसती थरथरते. मोठा मासा आमिष घेऊन निघाला तर तिरपी होऊन बुडते. आणि त्यानें आमिष वर उचललें तर शिशाचा भार सुटून आडवी पडते. धूमावरून अग्नीचें अनुमान आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें, पण तें इतकें चटकन कोणास उमगलें नाहीं!

संस्कृत कोशांत या दांडीस तरंड म्हटलें आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, इ. स. ११२९ च्या सुमारच्या 'मानसोल्लासां'त मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरणच आहे.

नातवानें तरंड मागितला तेव्हां आमच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, राजाचा विनोद होतो, पण माशाचा प्राण जातो." आक्षेप खोटा नव्हता. आम्हीं तरंड करून दिला, मात्र गळ काढून दोऱ्याच्या टोकास कणकेची गोळी लावली. मुलगा आतां दोन दोन घटका निश्चळ बसतो. कणीक फार खपते, ही स्वयंपाकघरांतील तक्रार मात्र अजून निकालांत निघालेली नाहीं.