गुलटेकडीची धूळ आणि केवलवृक्ष

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केटयार्डात भुसार विभागाच्या धुळीला स्वतःचा एक वास आहे. धान्याचा कोंडा, मिरचीचा खकाणा, मालमोटारींचा धूर आणि रस्त्याची माती यांचे ते मिश्रण. माझ्या नोकरीची काही वर्षे याच परिसरातील शाखेत गेली. गेल्या वैशाखात पुन्हा जाणे झाले. समाजातील काही व्यापारी बंधूंनी दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ येथे झाडे लावण्याचे योजिले होते. ‘साहेब, कोणती लावायची ते तुम्हीच सांगा,’ असा एका शेठजींचा आग्रह होता. त्यांचा स्वतःचा खोकला बारा महिने हटत नाही.

शाखाधिकारी असताना मी हौसेने गुलमोहर लावून घेतले होते. फुलले सुरेख, परंतु धूळ सर्वाधिक उडते त्या कोरड्या महिन्यांत ते निष्पर्ण उभे असत. पुढे वळवाच्या वादळात एक मोडून टेम्पोवर पडला. म्हणून या वेळी आधी पाने पाहत हिंडलो.

दहा मायक्रॉनहून लहान कण श्वासावाटे आत शिरतात आणि अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. असे कण धरण्यास पान खरखरीत, लवदार अथवा मेणचट हवे, झाड सदाहरित व दाट हवे. पान ही ठेव स्वीकारते खरे, पण पुण्यात नोव्हेंबर ते मे पाऊस जवळपास नसतो. वारा सुटला की बरीचशी ठेव पुन्हा रस्त्यावर येते. म्हणून टँकरने पाने धुण्याचा खर्चही मी अंदाजपत्रकात घातला. कोणाला तो रुचला नाही.

एकाने सप्तपर्णी सुचविली. अजितनाथ भगवंतांचा तो केवलवृक्ष, शिवाय सदाहरित. पण शरदात त्याच्या फुलांचा उग्र दर्प शेठजींसारख्यांना सोसवत नाही. दुसऱ्याने मल्लिनाथ भगवंतांचा अशोक म्हणून जे झाड दाखविले, तो उंच, सडपातळ आसूपालव निघाला. खरा सीताअशोक निराळा. तरीही आसूपालव नाकारला नाही. तो दाट असतो, जागा थोडी घेतो आणि दुकानाची पाटी झाकत नाही. व्यापाऱ्यांची खरी हरकत पाटीचीच होती.

गाळ्यांमधील अरुंद गल्ल्यांबाबत मात्र मी हट्ट धरला. तेथे दुतर्फा फांद्या वर जुळल्या, तर वारा अडतो आणि मोटारींचा धूर खालीच कोंडतो. तेथे बकुळ, तीही अंतराअंतराने. मोकळ्या कडेला वड. ऋषभदेवांना वटवृक्षाखाली केवलज्ञान झाले. पंच उदुंबरांत गणना असल्याने वडाची फळे आपल्याला वर्ज्य. चिवट, रुंद पानांची सावली मात्र वर्ज्य नाही.

शेवटचा प्रश्न एका वयोवृद्ध काकाजींनी काढला: चातुर्मासात खोदकाम कसे करायचे? जमिनीतील जीवांचे काय? उत्तर सोपे नव्हते. अखेर खड्डे वैशाखातच घेतले आणि पहिल्या पावसावर, आषाढी चौदशीच्या आत रोपे लावली. अकरा बकुळ, नऊ आसूपालव, दोन वड. मालमोटारी उभ्या असताना इंजिन बंद ठेवण्याचा ठराव मात्र पुढील सभेवर गेला आहे. शेठजी त्या सभेला रुमाल घेऊनच येणार आहेत.