ओटीवरील समुद्र
मे महिन्यांत लग्नासाठीं आठ दिवस पुण्यास जावयाचें ठरलें, तेव्हां काळजी घराची नव्हती. ओटीवरील कांचेच्या टांकींतल्या समुद्राची होती. देवगडच्या किनाऱ्यावरून चिरंजीवांनीं आणलेले चार मासे तींत होते. (मासे न खाणाऱ्या घरीं मासे पाळलेले पाहून आळी हंसे!)

शेजारच्या काकूंस आम्ही बजावलें, "पाणी आटलें तर विहिरीचें गोडें घाला, समुद्राचें नको." वाफ होऊन जातें तें पाणी, मीठ मागें राहतें. समुद्रांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम मीठ. त्याहून फार वाढलें कीं मासा तगत नाहीं. खाण्याविषयीं मात्र सांगावयाचें विसरलों.

परतलों तों पाणी रेषेबरोबर, पण गढूळ. काकूंनीं मायेनें दोन्ही वेळां भात घातला होता. तो कुजून पाणी नासलें, दोन मासे गेले. काकूंचे डोळे भरून आले. धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहूं शकतो, हें आतां त्यांस कोणत्या तोंडानें सांगावें?