एकशे पंचविसावा मणी

‘नाताळ’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला आणि ‘पगार’ही त्यांनीच दिला. डिसेंबरात दोन्ही एकाच आठवड्यात येतात, पण नाताळचा गोडवा जास्त दिवस टिकतो, असा माझा बँकेतल्या वीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे. त्याला कारण आमच्या समोरच्या काकू.

आम्ही वसईला राहायला आलो तेव्हापासून नाताळच्या सकाळी काकूंकडून केक, करंज्या आणि कुलकुलांनी भरलेली ताटली येते. दिवाळीत आमचा फराळ त्यांच्याकडे जातो, म्हणजे तसा हिशेब चुकता होतो. पण रिकामं भांडं परत पाठवू नये, हे आमच्या आईच्या राज्यघटनेतलं पहिलं कलम. काकूंच्या ताटलीत आई स्वतः ओवलेला मण्यांचा तारा ठेवायची आणि काकू तो नाताळच्या झाडाला टांगायच्या. वर्षाला एक याप्रमाणे त्या झाडावर आईचे अकरा तारे जमले. मुदत उलटून गेली तरी कुणी मोडायला आलं नाही, अशी माझ्या पाहण्यातली ही एकमेव ठेव.

तीन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांच्या पडद्यांनी संप पुकारला. कडेचं दिसतं, नेमकं मधलं दिसत नाही. “अरे, समोर उभा राहू नकोस, बाजूला हो, म्हणजे दिसशील,” असं ती मला सांगते. पण माणसासारखं मण्याला बाजूला हो म्हणून सांगता येत नाही. त्या नाताळला ताटली नुसती साखर घालून परत गेली. पुढल्या नाताळलाही तेच. काकू काही बोलल्या नाहीत. आईही बोलली नाही. फक्त संध्याकाळी ती हात मांडीवर ठेवून बसायला लागली. ते हात रिकामे बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी जाहीर केलं, “यंदाचा तारा मी करणार! आणि एकच कशाला? शाखेतल्या मंडळींनाही एकेक देऊ. चांगले बारा करू.”

“स्वयंपाकघरातला दिवा बदलायला तुम्हाला तीन आठवडे लागले होते,” एवढंच सौ. म्हणाली.

रविवारी लोकलने भुलेश्वर गाठलं. दुकानदाराने विचारलं, “कुठला नंबर देऊ? आठ, अकरा की पंधरा?” मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आकडा मोठा तो माल मोठा, या हिशेबाने रुबाबात म्हटलं, “पंधरा!” त्याने कागदावर जे ओतलं ती निव्वळ खसखस होती. नंबर वाढला की मणी लहान होतो, ही मण्यांच्या जगातली रीत तेव्हा कळली. खरं तर मला आश्चर्य वाटायला नको होतं. आमच्याकडेही साहेबाचं स्केल एकपासून सातपर्यंत जसजसं चढतं, तसतसा तो खातेदाराला दिसेनासा होतो. शेवटी अकरा नंबर घेतला. हा मणी साधारण दोन मिलिमीटरचा असतो. “नवशिक्याला आठ नंबर बरा, तीन मिलिमीटरचा,” म्हणत दुकानदाराने आणखी एक पुडी सरकवली. अपमान गिळून तीही घेतली.

रीत आईने तोंडी सांगितली. मधे पाच मण्यांचं कडं. त्याभोवती दहा, मग पंधरा, वीस, पंचवीस.

“दर फेरीला पाचाची वाढ! म्हणजे सरळव्याज!” मी ओरडलो.

“मग पाच बाजूंवर पाच टोकं. प्रत्येक टोकाला आधी चार, मग तीन, दोन, एक.”

“हा घसारा!”

बेरीज आली १२५. बी.कॉम.च्या पदवीचा घरात पहिल्यांदाच उपयोग झाला. पण उपयोग तिथेच संपला. सुई ओवायला पाव तास, मणी सुईवर चढवायला अर्धा तास. तंगूस ओढावा तर गाठ, सोडावा तर सगळा माल सोफ्याखाली. दोन मणी आमटीत निघाले. मुलीने मोबाइलवर शोधून सांगितलं, की चेकियातल्या पोनिक्ला गावी काचेची नळी फुंकून पोकळ मणी करतात, आतून चांदीचा मुलामा देतात आणि ते ओवून नाताळच्या झाडाचे दागिने घडवतात. त्या हस्तकलेला २०२० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

“ऐकलंस?” मी सौ.ला म्हटलं.

“तुमचं नाव यादीत येईल तेव्हा येवो. आधी सोफ्याखालचा वारसा गोळा करा.”

अकरा दिवसांनी एक तारा झाला. मी तो मोठ्या ऐटीत आईच्या हातात दिला. तिने त्यावरून हळूच बोट फिरवलं.

“चौथं टोक बोथट आहे. शेवटचा मणी राहिलाय.”

मोजले. १२४. बँकेत एका रुपयाचा फरक निघाला तरी घरी जाता येत नाही, हे रोज ऐकणारा मी म्हणालो, “अगं, एका मण्याने काय होतंय? कोण मोजणार आहे?”

“मी मोजला ना,” आई म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “ती आठ नंबरची पुडी कुठेय?”

ताटात पांढरा पंचा अंथरून मणी ओतले. आईने डोळे चक्क मिटून घेतले. एक मणी चिमटीत धरला, नखाने त्याचं भोक चाचपलं आणि सुईचं टोक आत सरकवलं. दुसरा. तिसरा. पाच मण्यांचं कडं झालं तेव्हा सौ. पोळ्या टाकून बाहेर आली होती. चुकलेलं उसवत, पुन्हा ओवत आईने आठ दिवसांत तारा पुरा केला. माझ्या ताऱ्यापेक्षा तो ढब्बू झाला, पण पाचही टोकं टोकदार. या काळात माझी बदली सुईत दोरा ओवण्याच्या पदावर झाली. शाखेतले बारा तारे अद्याप येणे बाकी आहेत.

नाताळच्या दुपारी ताटली परत न्यायला आई स्वतः निघाली. काकूंनी तारा हातात घेतला, काही न बोलता झाडाजवळ गेल्या आणि ऐन मधोमध टांगला. तिथली फांदी मोकळी होती.

“दोन वर्षं ही जागा ठेवलीय,” त्या म्हणाल्या.

“तिथे नको हो,” आई म्हणाली, “कडेला लावा. म्हणजे मला दिसेल.”

काकूंनी तारा काढून कडेच्या फांदीला लावला. आईने मान जराशी वळवली आणि बराच वेळ पाहत राहिली.

माझा १२४ मण्यांचा तारा सध्या आमच्या कपाटाच्या किल्लीला आहे.